स्पेनचा युद्धोत्तर पहिला फुटबॉल-हंगाम

खेळाच्या स्पर्धेचा गुणतक्ता हा कांहीं चारचौघांत वाचून दाखविण्याचा विषय नव्हे, हें मला ठाऊक आहे. कोणी किती सामने जिंकले, किती हरले, कोणाच्या पदरीं किती गुण पडले, एवढाच त्याचा मजकूर. आणि हंगाम सरला कीं त्याची रद्दी व्हावयाची. तथापि आज मी श्रोत्यांपुढें असाच एक तक्ता घेऊन आलों आहें. तो स्पेन देशांतील वरिष्ठ वर्गाच्या फुटबॉल-स्पर्धेचा असून १९३९–४० सालचा आहे. त्यांत बारा संघांचीं नांवें आहेत. पहिल्या संघाचे गुण २९, दुसऱ्याचे २८. शेवटल्या दोघांची खालच्या वर्गांत रवानगी. वरवर पाहतां त्यांत विशेष असें कांहींच दिसत नाहीं. परंतु स्पेनमधील यादवी युद्ध संपल्यावर अवघ्या आठ महिन्यांनीं सुरू झालेल्या हंगामाचा हा तक्ता आहे, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांतील प्रत्येक नांवापुढें एकेक प्रश्न उभा राहूं लागतो. हा संघ येथें कसा आला? तो दुसरा कां नाहीं? कालपर्यंत ज्या देशांत भाऊ भावावर गोळी झाडीत होता, तेथें इतक्या लौकर बावीस माणसें एका चेंडूमागें धावूं लागलीं, तर ती जखम भरून आली म्हणावयाची, कीं तिच्यावर नुसती पट्टी बांधली गेली म्हणावयाचें?

या प्रश्नांचीं उत्तरें शोधावयाचीं तर थोडें मागें गेलें पाहिजे. स्पेनमध्यें पैसे घेऊन फुटबॉल खेळण्यास १९२६ सालीं अधिकृत मान्यता मिळाली. धंदेवाईक खेळाडू पोसावयाचे तर वर्षांतून दोनचार चषकांच्या सामन्यांवर भागेना. ठराविक दिवशीं ठराविक उत्पन्न देणारे सामने हवेत. या निकडींतूनच १९२९ सालीं साखळी-पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा, म्हणजे लीग, सुरू झाली. प्रत्येक संघानें प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशीं दोनदां खेळावयाचें, एकदां आपल्या गांवीं आणि एकदां त्याच्या गांवीं. जिंकल्यास दोन गुण, बरोबरी झाल्यास एक. पहिल्या वर्षीं दहा संघ होते. पुढें ते बारा झाले. स्पेन हा एकजिनसी देश नव्हे. बास्क, काटालान, आंदालुसियन, कास्तिलियन या लोकांच्या भाषा वा रीतिरिवाज भिन्न, आणि अभिमानही तितकेच भिन्न. तेव्हां बिल्बाओचा संघ बार्सिलोनास जाऊन खेळूं लागला कीं तो केवळ दोन मंडळांचा सामना राहत नसे. दोन प्रांत एकमेकांकडे डोळे रोखून पाहत असत.

युद्धापूर्वींचा शेवटला हंगाम १९३५–३६ चा. त्या हंगामाचें अजिंक्यपद बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिकला मिळालें. परंतु आपल्या कथेशीं संबंध आहे तो तक्त्याच्या तळाचा. १९३६ च्या एप्रिल महिन्यांत शेवटल्या दिवशीं माद्रिदचा अ‍ॅथलेटिक आणि सेव्हिल हे संघ माद्रिदमध्यें एकमेकांसमोर उभे ठाकले. १९०३ सालीं माद्रिदमध्यें शिकणाऱ्या बास्क विद्यार्थ्यांनीं बिल्बाओच्या मंडळाची शाखा म्हणून काढलेला हा माद्रिदचा अ‍ॅथलेटिक त्या वेळीं अगदीं कड्याच्या टोकावर होता. सेव्हिलनें ३–२ अशी आघाडी घेतली होती. अखेरच्या कांहीं मिनिटांत माद्रिदच्या संघाला पेनल्टी मिळाली. गोलरक्षकाखेरीज आड येणारें कोणी नाहीं, अशी ती संधि. पण चाचो नांवाच्या खेळाडूनें मारलेला तो चेंडू जाळ्यांत गेला नाहीं. सेव्हिल तरला आणि अ‍ॅथलेटिक खालच्या वर्गांत गेला. पांप्लोना शहराचा ओसासूना हाही त्याच्याबरोबर उतरला. हे दोन संघ श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावेत. कारण त्यांची गांठ पुढें पुन्हां पडावयाची आहे.

यानंतर दोन महिन्यांनीं, २१ जून १९३६ रोजीं, व्हालेन्सिया येथें राष्ट्रीय चषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूस माद्रिद, दुसऱ्या बाजूस बार्सिलोना. माद्रिदकडे २–१ अशी आघाडी होती, आणि सामना संपत आला असतां बार्सिलोनाच्या एस्कोलानें गोलाच्या कोपऱ्याकडे एक जमिनीलगतचा जोरदार फटका मारला. माद्रिदचा गोलरक्षक रिकार्दो झामोरा यानें स्वतःला त्या दिशेनें झोकून दिलें. मैदान कोरडें ठणठणीत. धुळीचा एवढा लोट उठला कीं क्षणभर कोणालाच कांहीं दिसेना. धूळ बसली तेव्हां झामोरा चेंडू हातांत घेऊन उभा होता. लोक त्याला ‘दिव्य’ या विशेषणानें ओळखीत, तें कां, हें त्या दिवशीं पुन्हां एकवार सर्वांना कळलें. चषक माद्रिदला मिळाला. प्रेक्षक घरोघर गेले. चार आठवड्यांच्या आंत स्पेनमध्यें दुसरीच धूळ उठली, आणि ती खालीं बसावयास पावणेतीन वर्षें लागलीं.

१९३६ च्या फेब्रुवारींत डाव्या पक्षांच्या आघाडीनें निवडणूक जिंकली होती. जुलैच्या १७ व १८ तारखांना सैन्यांतील सेनापतींनीं प्रजासत्ताकाविरुद्ध बंड पुकारलें. जनरल फ्रँको हा लौकरच त्यांचा नायक झाला. त्याच्या बाजूस जर्मनी आणि इटली यांचीं विमानें व सैनिक आले. प्रजासत्ताकास रशियाकडून शस्त्रें मिळालीं. गांवें दुभंगलीं, कुटुंबें दुभंगलीं. दोन्ही बाजूंनीं तुरुंग भरले आणि दोन्ही बाजूंनीं ते पहांटेच्या वेळीं रिते करण्यांत आले. हा सारा इतिहास येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्या तक्त्यांतील नांवांचें काय झालें, तेवढेंच पाहूं.

बार्सिलोना मंडळाचा अध्यक्ष जुझेप सुन्योल हा काटालान डाव्या पक्षाचा प्रतिनिधि होता. १९३६ च्या ऑगस्टमध्यें माद्रिदजवळच्या ग्वादार्रामा डोंगरांत त्याची मोटार चुकून बंडखोरांच्या हद्दींत शिरली, आणि तेथेंच त्याला गोळ्या घालण्यांत आल्या. झामोराची कथा उलट बाजूची. तो प्रजासत्ताकाच्या ताब्यांतील माद्रिदमध्यें पकडला गेला. एका कॅथॉलिक वृत्तपत्रांत तो लेख लिहीत असे, तेवढ्यावरून त्याच्याविषयीं संशय होता. तो मारला गेला अशी वार्ता पसरली, वृत्तपत्रांतून छापूनही आली. प्रत्यक्षांत तो माद्रिदच्या मोदेलो तुरुंगांत जिवंत होता. पुढें त्याची सुटका झाली, परकी वकिलातीच्या आश्रयानें तो देशाबाहेर पडला, आणि फ्रान्समधील नीस या शहरीं जाऊन पुन्हां गोलांत उभा राहिला. एकाच खेळाच्या दोन प्रसिद्ध माणसांपैकीं एकाला एका बाजूनें मारलें आणि दुसऱ्याला दुसऱ्या बाजूनें कोंडलें, यावरून त्या युद्धाचें स्वरूप ध्यानीं यावें.

बास्क प्रांतांतील उत्तमोत्तम खेळाडू १९३७ च्या वसंतांत आपल्या प्रांतिक सरकारच्या वतीनें परदेशीं सामने खेळावयास निघाले. निर्वासित मुलांसाठीं पैसा जमवावा आणि जगापुढें आपली बाजू मांडावी, हा हेतु. पॅरिसमध्यें त्यांचा पहिला सामना २६ एप्रिल रोजीं झाला. त्यांचा प्रसिद्ध आघाडीवीर इसिद्रो लांगारा यानें त्या दिवशीं तीन गोल केले. त्याच दुपारीं तिकडे मायदेशीं गेर्निका या त्यांच्या पुराण्या गांवावर जर्मन व इटालियन विमानांनीं बाँबफेक करून तें गांव जाळून टाकलें. जूनमध्यें बिल्बाओही पडलें. संघ परत कोठें जाणार? तो रशियांत खेळला, नंतर समुद्र ओलांडून मेक्सिकोंत गेला, आणि तेथील स्पर्धेंत एक संपूर्ण हंगाम खेळून दुसरा आला. मग खेळाडू पांगले. १९३९ च्या मे महिन्यांत लांगारा आर्जेन्टिनामध्यें बोटीतून उतरला आणि त्याच दिवशीं नव्या संघाकडून खेळतांना त्यानें चार गोल केले. युद्धापूर्वीं लागोपाठ तीन हंगाम स्पेनमध्यें सर्वांत अधिक गोल करणारा हा पुरुष. १९३९–४० च्या तक्त्यांत मात्र त्याचें नांव शोधूनही सांपडावयाचें नाहीं.

बार्सिलोनाचा संघही १९३७ सालीं मेक्सिको आणि अमेरिका येथें दौऱ्यावर गेला. दौऱ्याच्या पैशानें मंडळ बुडतां बुडतां वांचलें, पण बहुतेक खेळाडू परतले नाहींत. ज्याच्या फटक्यानें व्हालेन्सियाच्या मैदानांतली ती धूळ उडाली होती, तो एस्कोला फ्रान्समध्यें राहून तेथील संघाकडून खेळूं लागला. १९३८ च्या मार्चमध्यें इटालियन विमानांनीं बार्सिलोनावर जो भयंकर बाँबवर्षाव केला, त्यांत या मंडळाच्या कचेरीची इमारतही उद्ध्वस्त झाली. त्याच वर्षीं जून महिन्यांत पंडित जवाहरलाल नेहरू बार्सिलोनास गेले होते आणि हवाई हल्ल्यांच्या छायेंत कांहीं दिवस राहिले होते, हें आपल्यापैकीं कित्येकांस स्मरत असेल. पुढें जानेवारी १९३९ मध्यें तें शहर पडलें. जवळजवळ पांच लाख माणसें बर्फांतून वाट काढीत फ्रान्सच्या सरहद्दीपलीकडे गेलीं. १ एप्रिल १९३९ रोजीं फ्रँकोनें युद्ध संपल्याचें जाहीर केलें.

युद्ध संपलें, आतां खेळ सुरू व्हावयास हवा होता. नव्या राजवटीला तो तांतडीनें हवा होता, यांत नवल नाहीं. रस्त्यावर गाड्या चालल्या, दुकानें उघडलीं आणि रविवारीं सामने झाले म्हणजे देशांत शांतता नांदते आहे, असें जगाला दाखवितां येतें. पण लोकांनाही तो हवा होता, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. त्या वर्षाच्या मे महिन्यांत शिधापत्रिका सुरू झाल्या, आणि त्या पुढें १९५२ पर्यंत चालल्या. पाव तोलून मिळे. बहुतेक घरांत कोणी तरी मेलेला, तुरुंगांतला किंवा परागंदा. अशा घरांतून रविवारीं दुपारीं बाहेर पडून दोन घटका ओरडावयास मिळावें, ही इच्छा कांहीं पाप नव्हे.

परंतु हंगाम सुरू करावयाचा तर बारा संघ कोठून आणावयाचे? येथें पहिलीच अडचण ओव्हिएदो या खाणवाल्या प्रांताच्या राजधानीची आली. युद्धाच्या पहिल्या वर्षीं या शहराला दीर्घ वेढा पडला होता, आणि तेथील फुटबॉलचें मैदान रणांगण होऊन उद्ध्वस्त झालें होतें. लांगारा ज्या संघाकडून खेळे, तो हाच ओव्हिएदोचा संघ. मैदानच नाहीं, तेव्हां त्याला एका वर्षाची सूट देण्यांत आली. त्याचें स्थान जाणार नव्हतें, परंतु त्या हंगामापुरती एक जागा रिकामी झाली. ती कोणाला द्यावयाची? १९३६ सालीं खालीं उतरलेल्या दोन संघांपैकीं एकाला, असें ठरलें. म्हणजे एक ओसासूना आणि दुसरा माद्रिदचा अ‍ॅथलेटिक.

पण हा अ‍ॅथलेटिक आतां पूर्वींचा राहिला नव्हता. त्याचे आठ खेळाडू युद्धांत मृत्युमुखीं पडले होते. मैदान मोडून पडलें होतें. डोक्यावर कर्जाचा बोजा होता. राहिलें होतें तें फक्त नांव, आणि वरच्या वर्गावरचा एक अर्धामुर्धा हक्क. दुसरीकडे फ्रँकोच्या विमानदलांतील लोकांनीं युद्धकाळांतच स्वतःचा एक संघ उभारला होता. त्याच्याजवळ तरुण खेळाडू होते, पैसा होता, सरकारचा वरदहस्त होता. नव्हती ती फक्त वरच्या वर्गांत शिरण्याची वाट. एकाला देह हवा होता, दुसऱ्याला नांव. ४ ऑक्टोबर १९३९ रोजीं दोघांचा संयोग झाला, आणि अ‍ॅथलेटिक आव्हियासिओन, म्हणजे विमानदलाचा अ‍ॅथलेटिक, असा नवा संघ जन्मास आला. त्याच्या चिन्हावर पंख आले. शिक्षक म्हणून नेमण्यांत आला तो रिकार्दो झामोरा. ज्याच्या मरणाची वार्ता छापली गेली होती, तोच.

२६ नोव्हेंबर १९३९ रोजीं ओसासूनाशीं निर्णायक सामना झाला, आणि तोही व्हालेन्सियाच्या त्याच मैदानावर, जेथें साडेतीन वर्षांपूर्वीं झामोरानें शेवटचा चेंडू अडविला होता. पांप्लोना हें बंडाच्या अगदीं पहिल्या दिवसापासून बंडखोरांच्या बाजूचें शहर. तेव्हां रिकाम्या जागेसाठीं झगडणारे दोन्ही संघ जेत्यांच्याच गोटांतले होते, ही गोष्ट विसरतां कामा नये. विमानदलाचा संघ ३–१ असा जिंकला. ओव्हिएदोच्या उद्ध्वस्त मैदानाच्या जागीं त्याला वरच्या वर्गाचें दार उघडलें. आणि एका आठवड्यानें, ३ डिसेंबर रोजीं, हंगाम सुरू झाला.

त्या हंगामांतील सामना पाहावयास गेलेल्या माणसाला प्रथम काय दिसलें असेल? खेळ सुरू होण्यापूर्वीं दोन्ही संघ मध्यभागीं रांगेनें उभे राहत आणि उजवा हात पुढें उंचावून सलामी देत. नव्या राजवटीचें गीत म्हटलें जाई. प्रेक्षकांसही उभें राहून हात उंचावणें भाग असे. त्यांतील किती हात मनापासून वर जात आणि किती शेजाऱ्याकडे पाहून, याची नोंद कोठेंही नाहीं. मग शिट्टी वाजे, आणि दीड तास तरी डोळे चेंडूवर खिळत.

बारा संघांत सेव्हिल हा सर्वांत सुस्थित. ते शहर युद्धाच्या पहिल्याच दिवसांत सेनापति केइपो दे ल्यानो यानें घेतलें होतें. तेथून तो रोज रात्रीं नभोवाणीवरून शत्रूला शिव्याशाप देई, आणि ध्वनिक्षेपकाचा असा उपयोग करणारा तो पहिल्यांपैकीं एक होय. शहर आरंभींच एका बाजूला गेल्यामुळें तेथील खेळाची घडी इतर ठिकाणांइतकी विस्कटली नाहीं. सेव्हिलची आघाडीची पांच खेळाडूंची फळी इतकी भेदक होती कीं लोकांनीं तिला ‘स्टुका’ हें नांव दिलें. स्टुका म्हणजे सूर मारून बाँब टाकणारें जर्मन विमान. स्पेनच्या आकाशांत तें नुकतेंच सर्वांनीं पाहिलें होतें. ज्या देशानें त्या विमानाखालीं माना लपविल्या, त्याच देशानें आपल्या आवडत्या खेळाडूंना त्याचें नांव कौतुकानें द्यावें! युद्ध भाषेंत कसें मुरतें, याचें याहून बोलकें उदाहरण मला तरी आठवत नाहीं.

त्याच शहरांतील दुसऱ्या संघाची, बेतीसची, कथा करुण आहे. २८ एप्रिल १९३५ रोजीं या बेतीसनें सांतान्देर येथें जाऊन तेथील रासिंग संघास पांच गोलांनीं हरविलें होतें आणि देशाचें अजिंक्यपद मिळविलें होतें. त्या दिवशीं तीन गोल केले ते व्हिक्तोरिओ उनामूनो या बास्क खेळाडूनें. नंतर उनामूनो बिल्बाओस परत गेला. संघाचा आयरिश शिक्षक पॅट्रिक ओकॉनेल बार्सिलोनास गेला. आणि जें उरलें होतें तें युद्धानें उधळून लावलें. १९३९–४० मध्यें बेतीस अकरावा आला, म्हणजे खालच्या वर्गांत गेला. त्याच्याबरोबर बाराव्या क्रमांकावर राहून गेला तो सांतान्देरचा रासिंगच. हंगामाचा शेवटला दिवस होता २८ एप्रिल १९४०. त्या विजयाला त्या दिवशीं बरोबर पांच वर्षें झालीं होतीं. आणि सबंध हंगामांत सर्वांहून अधिक गोल कोणाचे? बिल्बाओच्या उनामूनोचे. ज्या बिल्बाओचे निम्मेशिम्मे नामांकित खेळाडू समुद्रापलीकडे राहिले होते, तो संघ नवीं पोरें हाताशीं धरून तिसरा आला, हाही एक पराक्रमच म्हटला पाहिजे. बार्सिलोना नववा आला.

आतां अग्रस्थानाकडे वळूं. विमानदलाचा संघ सतत जिंकत गेला, असें मुळींच नव्हे. बावीस सामन्यांपैकीं त्यानें १४ जिंकले, ७ गमावले, आणि बरोबरी केली ती एकदांच. सात पराभव पाठीशीं घेऊन पहिला येणारा संघ कांहीं अजिंक्य नव्हे. शेवटल्या रविवारीं पहांट झाली तेव्हां त्याचे आणि सेव्हिलचे सारखेच, म्हणजे २७ गुण होते. चार वर्षांपूर्वीं एप्रिलमध्येंच, शेवटल्याच दिवशीं, याच दोघांनीं एकमेकांना खालीं ढकलण्यासाठीं झुंज घेतली होती. आतां ते माथ्यावर होते, पण वेगवेगळ्या गांवीं. विमानदलाचा संघ व्हालेन्सियाशीं खेळत होता, आणि सेव्हिल अलिकांते येथें एर्क्युलेस संघाशीं.

अलिकांते! या नांवापाशीं क्षणभर थांबावयास हवें. प्रजासत्ताकाचा शेवट याच बंदरांत झाला. १९३९ च्या मार्चअखेर हजारों माणसें, शिक्षक, मजूर, सैनिक, बायकामुलें, येथील धक्क्यावर जहाजांची वाट पाहत जमलीं होतीं. २८ मार्चला स्टॅनब्रुक नांवाची एक इंग्रजी मालवाहू बोट दोन हजार सहाशेंहून अधिक माणसें घेऊन निघाली. त्यानंतर जवळजवळ जहाजच आलें नाहीं. इटालियन सैन्य शहरांत शिरलें, आणि धक्क्यावर उरलेल्या जमावाची रवानगी छावण्यांत व तुरुंगांत झाली. तेरा महिन्यांनीं त्याच शहरांत स्पेनच्या फुटबॉलचें भवितव्य ठरत होतें. त्या दिवशीं मैदानाकडे चाललेल्या माणसांपैकीं कोणाला तो धक्का आठवला असेल, कोणी त्या वाटेनें जाण्याचें टाळलें असेल. तक्त्यांत नोंद आहे ती एवढीच कीं, सामना ३–३ असा बरोबरीनें सुटला. सेव्हिलच्या ‘स्टुकां’नीं तीन गोल केले, पण चौथा त्यांना साधला नाहीं. तिकडे विमानदलाच्या संघानें व्हालेन्सियावर २–० असा विजय मिळविला. २९ आणि २८. हंगाम संपला.

हा विजय न्याय्य होता काय? या प्रश्नाचें उत्तर सोपें करून सांगण्याचा मोह दोन्ही बाजूंनीं होतो. एक म्हणतो, सरकारच्या विमानदलाचा संघ, तो जिंकणारच. दुसरा म्हणतो, खेळांत राजकारण कशाला आणतां? मला वाटतें, दोघेही तक्ता नीट वाचीत नाहींत. अजिंक्यपद कोणी हातांत आणून दिलें असतें, तर सात पराभव झाले नसते आणि सारें शेवटल्या दिवसापर्यंत टांगून राहिलें नसतें. झामोराच्या हाताखालच्या त्या पोरांनीं घाम गाळला होता. पुढल्या वर्षीं त्यांनीं अजिंक्यपद पुन्हां राखलें. परंतु ज्या काळीं पेट्रोल मिळत नव्हतें आणि अन्न मोजून मिळत होतें, त्या काळीं विमानदलाचें पाठबळ म्हणजे काय, हें वेगळें सांगावयास नको. आणि याहून मोठी गोष्ट अशी: मैदानाच्या पांढऱ्या रेघांच्या आंत नियम सर्वांना सारखे होते, पण त्या रेघांच्या आंत पाऊल टाकावयास कोण उरलें, हें आधीं बंदुकीनें ठरविलें होतें. ओव्हिएदो घरीं बसला, लांगारा आर्जेन्टिनांत होता, एस्कोला परदेशीं गेला होता, सुन्योल डोंगरांत पुरला गेला होता. शर्यत चोख झाली, असें म्हणतांना शर्यतीला कोणाकोणाला येऊं दिलें नाहीं, हेंही सांगणें प्राप्त आहे.

जेत्यांनीं तेवढ्यावर समाधान मानलें नाहीं. माणसांनंतर पाळी आली नांवांची. १९४१ च्या आरंभीं परकी शब्दांना मंडळांच्या नांवांतून बंदी झाली. बिल्बाओचा ‘अ‍ॅथलेटिक’ ‘आत्लेतिको’ झाला, माद्रिदचाही झाला. सांतान्देरच्या संघाला ‘रासिंग’ हा शब्द टाकावा लागला. बार्सिलोनाच्या नांवांतील शब्दांचा क्रम इंग्रजी वळणाचा, म्हणून तोही फिरविला गेला. मंडळाच्या अध्यक्षपदीं १९४० सालीं वरून एक मार्क्विस नेमण्यांत आला होता. केवळ काटालोनियाचाच हा अनुभव, असेंही नव्हे. माद्रिद मंडळाचा युद्धापूर्वींचा अध्यक्ष राफाएल सांचेझ गेर्रा हा प्रजासत्ताकवादी. शहर पडलें तेव्हां तो पळून गेला नाहीं, आणि त्याला तुरुंगांत जावें लागलें. त्या हंगामांतील माद्रिद संघ म्हणजे पुढच्या काळांतील वैभवशाली संघ नव्हे, हें आजच्या प्रेक्षकांनीं लक्षांत ठेवावें; १९३९–४० मध्यें राजवटीची मेहेरनजर होती ती पंखवाल्या संघावर. तेंही फार काळ टिकलें नाहीं. १९४६ च्या अखेरीस विमानदलाचा संबंध तुटला, नांव गळून पडलें, आणि तो संघ नुसता आत्लेतिको माद्रिद म्हणून राहिला. बिल्बाओला आणि बार्सिलोनाला आपलीं जुनीं नांवें मिळावयास मात्र गेल्या शतकाचें आठवें दशक उजाडावें लागलें. सुन्योलविषयीं उघडपणें बोलणें १९७५ सालीं फ्रँको मरेपर्यंत शक्य नव्हतें.

आरंभीं मीं विचारलें होतें कीं, जखम भरून आली होती, कीं तिच्यावर नुसती पट्टी होती. मला वाटतें, पट्टीच होती. पण पट्टीही रक्तबंबाळ माणसाला लागते. त्या वर्षीं रविवारीं मैदानावर गेलेल्या माणसाला, दीड तास कां होईना, उद्यांच्या पावाखेरीज दुसरी कसली तरी काळजी करतां आली. एकमेकांकडे संशयानें पाहणारे शेजारी एका गोलासाठीं एकदम उठून उभे राहिले. हें थोडें नाहीं. मात्र पट्टी म्हणजे औषध नव्हे, आणि ती बांधणाऱ्याचा हात कोणाचा, हें पाहावयास हरकत नसावी. खेळ माणसांना एकत्र आणतो, हें आपण सभासमारंभांतून पुष्कळदां ऐकतों. तें खरें आहे. पण आणतो तो मागें उरलेल्यांना. गेलेल्यांचा हिशेब त्याच्या वहींत नसतो. तो दुसऱ्या कोणी तरी मांडावा लागतो.

म्हणून असा एखादा जुना तक्ता हातीं आला तर त्यांतील बारा नांवें वाचून थांबूं नये. त्यांत जीं नाहींत तीं नांवेंही सावकाश वाचावीं. १९३९–४० चा स्पेनमधील अजिंक्य संघ कोणता, या प्रश्नाचें उत्तर एका ओळींत देतां येतें, आणि तें मीं दिलें आहे. त्या वर्षीं मैदानाबाहेर कोण राहिलें, याचें उत्तर एवढ्या वेळांत पुरें होण्यासारखें नाहीं. आज त्याचा केवळ आरंभ केला, इतकेंच.